रात्रपाळीत चोर हाती लागला, तर सुरक्षारक्षकाने कायद्याने कितपत बळ वापरावे?

प्रश्न — रात्रपाळी_वेर्णा

नमस्कार. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गेली नऊ वर्षे सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून काम करतो. तीन पाळ्यांत मिळून माझ्या हाताखाली चौदा रक्षक आहेत. त्यांतील बहुतेक आसाम, ओडिशा आणि झारखंडमधून आलेले असून एजन्सीमार्फत लागलेले आहेत. गेल्या महिन्यात घडलेल्या प्रसंगानंतर मला नीट झोप लागत नाही, म्हणून जाणकारांपुढे तो जसाच्या तसा मांडतो.

रात्री अडीचच्या सुमारास मागच्या कुंपणाच्या भिंतीवरून दोघेजण आत उतरले आणि उघड्या आवारात ठेवलेल्या तांब्याच्या केबलचे तुकडे पोत्यात भरू लागले. आमच्या दोघा रक्षकांनी त्यांना पाहिले आणि शिट्टी वाजवली. एकजण पळून गेला. दुसऱ्याने पोते टाकले आणि तो भिंतीवर चढू लागला, तेव्हा एका रक्षकाने त्याचा पाय धरून त्याला खाली ओढले आणि दोघांनी मिळून त्याला धरून ठेवले. इथपर्यंतचे मला गैर वाटत नाही. मात्र त्यानंतर, तो माणूस जमिनीवर बसलेला असताना, साथीदार कोण आणि याआधी नेलेला माल कुठे विकला असे विचारत एका रक्षकाने त्याला लाठीने मारले. त्याच्या हाताचे हाड मोडले. मी दुसऱ्या गेटवरून तेथे पोहोचेपर्यंत हे होऊन गेले होते. पोलिसांना आम्ही सकाळी साडेसहाला कळवले, कारण व्यवस्थापकांना विचारल्याशिवाय पोलिसांना बोलावू नये अशी आम्हाला तोंडी सूचना आहे.

आता चोरीची तक्रार एका बाजूला आणि आमच्या रक्षकावरचा गुन्हा दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती आहे. तो रक्षक बावीस वर्षांचा मुलगा आहे. कंपनी म्हणते की तो आमचा कामगार नव्हे, आणि एजन्सीने त्याला गावी पाठवून दिले आहे. ज्या व्यवस्थापनाने 'कोणाला हात लावू नका' असे बजावले, त्याच व्यवस्थापनाने मागच्या वर्षी चोरीला गेलेल्या मालाची रक्कम रक्षकांच्या पगारातून कापून घेतली होती. हात लावला तर गुन्हा आणि न लावला तर पगार कापला जाणार, अशा वेळी मी माझ्या माणसांना नेमके काय सांगावे? रक्षक कायद्याने कोणाला धरून ठेवू शकतो का, लाठी केव्हा उचलू शकतो, आणि आमच्या प्रसंगात चूक नक्की कोणत्या क्षणी झाली?

उत्तर १ — वकील_मडगाव

आपण प्रसंग प्रामाणिकपणे लिहिला आहे, त्यामुळे उत्तरही स्पष्ट देता येते. चूक झाली ती लाठीचा पहिला फटका बसला त्या क्षणी. त्याआधीचे जवळजवळ सगळे कायद्यापुढे समर्थनीय ठरू शकते. त्यानंतरच्या कशाचेही समर्थन मला करता येणार नाही.

गणवेश, शिट्टी आणि लाठी यांमुळे रक्षकाला पोलिसांचा कोणताही अधिकार मिळत नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) कायदा, २००५ हा एजन्सीचा परवाना, रक्षकाची पात्रता, त्याचे प्रशिक्षण आणि ओळखपत्र यांविषयी आहे. बळ वापरण्याचा एकही वाढीव अधिकार त्यात दिलेला नाही. उलट, सैन्यदलांसारखा किंवा पोलिसांसारखा गणवेश घातल्यास रक्षक आणि एजन्सीचा मालक या दोघांनाही त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आपला रक्षक आणि गेटसमोरून जाणारा कोणीही वाटसरू यांचे अधिकार सारखेच आहेत. ते दोन ठिकाणांहून येतात आणि त्या दोहोंची गल्लत केल्यामुळेच असे प्रसंग ओढवतात.

पहिला अधिकार खासगी बचावाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पूर्वीच्या दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. हा हक्क केवळ स्वतःच्या शरीरापुरता किंवा मालमत्तेपुरता नाही. दुसऱ्याच्या शरीराचा आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचा बचावही त्यात येतो, आणि रक्षकाच्या नोकरीचा सारा कायदेशीर आधार या एका गोष्टीत आहे. परंतु कलम ३७ ने त्याला दोन मर्यादा घातल्या आहेत. सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका अवधी हाताशी असेल तर हा हक्क राहत नाही, आणि बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा कोणत्याही परिस्थितीत करता येत नाही.

हा हक्क सुरू केव्हा होतो आणि संपतो केव्हा, हे त्याच्या आकाराइतकेच महत्त्वाचे आहे. शरीराच्या बाबतीत धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच तो सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. चोरीच्या बाबतीत कलम ४३ प्रमाणे चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत हाती येईपर्यंत तो टिकतो. आपल्या प्रसंगात चोराने पोते टाकले, त्याच क्षणी माल परत मिळाला. काटेकोरपणे पाहिले तर मालमत्तेच्या बचावाचा हक्क तेथेच संपला. मग पाय ओढून त्याला धरणे कशाच्या आधारावर झाले?

येथे दुसरा अधिकार येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम ४० प्रमाणे, एखाद्या व्यक्तीने आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्क म्हणून मिळत नाही असा) अपराध केला, तर कोणीही खासगी व्यक्ती तिला अटक करू शकते. मात्र अनावश्यक विलंब न लावता आणि कोणत्याही स्थितीत सहा तासांच्या आत तिला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. दोन्ही विशेषणे एकाच वेळी लागू असली पाहिजेत. साधी चोरी त्यात बसते, पण पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाच्या चोरीला नव्या संहितेने अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवले आहे. गोदाम किंवा दुकान यांसारख्या इमारतीतून चोरी झाली तर न्याय संहितेचे कलम ३०५ लागते आणि तो अपराध दखलपात्र व अजामीनपात्र आहे. आपला माल उघड्या आवारातला होता, त्यामुळे केबलच्या किमतीचा पंचनामा या प्रकरणात निर्णायक ठरू शकतो. नुसता भिंत ओलांडून आत येणारा, काहीही न उचललेला माणूस कलम ४० मध्ये बसत नाही. त्याला बाहेर काढता येते, अटक करता येत नाही.

अटक करताना तो प्रतिकार करत असेल तर त्याला आवरण्यापुरते बळ वापरता येते (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३), आणि एकदा तो ताब्यात आला की पळून जाऊ नये यापुरतेच बंधन ठेवता येते, त्याहून अधिक नाही (त्याच संहितेचे कलम ४६). भिंतीवरून खाली ओढणे आणि दोघांनी धरून ठेवणे यांचे समर्थन मी न्यायालयात करू शकेन. जमिनीवर बसलेल्या माणसाला मारणे हा बचाव नव्हे आणि अटकही नव्हे. त्यातही मारताना विचारलेले प्रश्न प्रकरण अधिक जड करतात. कबुली मिळवण्यासाठी किंवा माल परत करायला लावण्यासाठी दुखापत करणे हा न्याय संहितेच्या कलम १२० प्रमाणे स्वतंत्र अपराध आहे. साध्या दुखापतीसाठी त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि जबर दुखापतीसाठी दहा वर्षांपर्यंत जाते. हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येनुसार जबर दुखापतच आहे. त्याच हेतूने कोणाला कोंडून ठेवले तर कलम १२७ (८) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे अपराध केवळ पोलिसांना लागू आहेत असा समज आढळतो, पण ते कोणालाही लागू आहेत.

आता लाठी केव्हा उचलावी. समोरचा माणूस कोयता, दगड किंवा सळई घेऊन अंगावर येत असेल, किंवा सहकाऱ्यावर धावून जात असेल, तेव्हा उचलावी. दर्शन सिंह विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र विस्ताराने मांडले आहे. प्रत्यक्ष इजा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, वाजवी भीती पुरेशी आहे. हल्ला झाल्यावर पळून जाण्याची सक्ती नाही. मात्र हा हक्क सूड उगवण्यासाठी नाही. अंगावर वार येत असताना माणसाने आपले बळ सोनाराच्या काट्यावर तोलून वापरावे अशी अपेक्षा न्यायालये करत नाहीत, हे जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या निकालापासून मान्य झालेले आहे. पण ही सवलत वार येत असतानाची आहे, तो थांबल्यानंतरची नाही.

प्राण घेण्यापर्यंत हक्क जातो ती स्थाने थोडी आहेत. शरीराच्या बाबतीत मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा ॲसिड हल्ल्याची वाजवी भीती, अशी ती न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये नोंदली आहेत. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी आणि राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला आग लावणे ही कलम ४१ मध्ये. रात्र होती म्हणून आमचे प्रकरण यात बसेल, असे कोणी आपल्याला सांगितले तर त्यावर विसंबू नका. घरफोडीसाठी इमारत लागते; कुंपणाच्या आतले उघडे आवार ही इमारत नव्हे. आणि कलम ३७ ची 'आवश्यक तेवढेच' ही अट या टोकाच्या स्थितीतही लागू राहते.

उत्तर २ — निवृत्त_हवालदार_फोंडा

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला आहे, म्हणून मी ठाण्यात बसून जे पाहिले तेवढेच लिहितो.

अशी प्रकरणे ठाण्यात येतात तेव्हा आम्ही सर्वांत आधी वेळा मांडतो. चोर कधी दिसला, कधी धरला, फोन कधी आला. आपल्याकडे धरणे आणि फोन यांत चार तास गेले आहेत. कायद्यातील सहा तास ही शेवटची हद्द आहे, तेवढा वेळ हाती आहे असा तिचा अर्थ नाही. 'अनावश्यक विलंब न लावता' हे शब्द त्याच वाक्यात आहेत. चार तासांच्या मोकळ्या जागेत काय झाले, हे विचारणे तपासी अधिकाऱ्याला भागच पडते, आणि त्या वेळेत हाड मोडलेले असेल तर रक्षकाच्या बाजूने बोलायला काही उरत नाही. त्यामुळे व्यवस्थापकांची ती तोंडी सूचना ही या प्रकरणातली दुसरी मोठी चूक आहे, आणि ती त्या बावीस वर्षांच्या मुलाची नाही. ११२ वर फोन करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. तो फोन गेल्याची वेळ यंत्रणेत नोंदली जाते आणि पुढे तीच नोंद रक्षकाच्या कामी येते.

कोणी जखमी असेल, मग तो चोर असो वा रक्षक, तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. झटापटीत रक्षकालाही लागलेले असते, पण तो वैद्यकीय तपासणी करून घेत नाही. नंतर बचावाचा हक्क सिद्ध करायची वेळ येते तेव्हा अंगावरचे व्रण मिटलेले असतात आणि कागद नसतो. कॅमेऱ्याचे चित्रण आपोआप पुसले जाण्याआधी त्याची प्रत काढून ठेवावी. ड्यूटी रजिस्टरमध्ये त्याच रात्री, त्याच रक्षकाच्या शब्दांत नोंद करावी. ती दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून सुधारून लिहू नये, कारण सुधारलेली नोंद ओळखू येते.

आणखी एक गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे. चोर सापडला की त्याला माडाला किंवा खांबाला बांधायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने एकेक थप्पड द्यायची, हा प्रकार मी नोकरीत पुष्कळदा पाहिला. ज्याने त्याला धरले त्याच्या ताब्यात तो आहे, आणि म्हणून जमावापासून त्याला वाचवणे हेही धरणाऱ्याचेच काम होते. चोराला आतल्या खोलीत बसवा, पाणी द्या, दोघेजण समोर उभे राहा, दार उघडे ठेवा आणि प्रश्न विचारू नका. विचारपूस हे पोलिसांचे काम आहे, आणि मारून घेतलेली कबुली न्यायालयात टिकत नाही, म्हणजे ज्या कबुलीसाठी त्या मुलाने आपले आयुष्य पणाला लावले ती कोणाच्याही उपयोगाची नव्हती.

उत्तर ३ — किनारपट्टी_सुपरवायझर

मी बागा-कळंगुट भागात एका क्लबच्या दारावरच्या माणसांचा प्रमुख आहे. आमचे काम कारखान्यापेक्षा वेगळे वाटले तरी रेषा तीच आहे. दारू अधिक झालेला पाहुणा इतरांना त्रास देऊ लागला की आम्ही त्याला आधी तोंडाने बाहेर जायला सांगतो, शक्य तर त्याच्या मित्रांकरवी. तरीही तो जात नसेल आणि मुद्दाम त्रास देण्यासाठी थांबून राहिला असेल, तर त्याचे थांबणे अनधिकृत होते. मग दोघांनी दोन बाजूंनी दंडाला धरून त्याला दाराबाहेर नेता येते. दाराबाहेर पडला की आमचे काम संपले. त्याच्यामागे पार्किंगपर्यंत जाऊन 'धडा शिकवणे' हा उघड गुन्हा आहे. या पट्ट्यात बाउन्सरांवर जे गुन्हे नोंदले जातात त्यांतले माझ्या माहितीतले बरेचसे दाराच्या आतले नसून पार्किंगमधले आहेत. तसेच, शॅकसमोरची (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या उपाहारगृहासमोरची) वाळू ही मालकाची नव्हे. तेथे बसलेल्या माणसाला हटवण्याचा हक्क शॅकच्या रक्षकाला नाही, आणि त्यासाठी बळ वापरले तर त्याला बचावाचे कोणतेही कलम लागू पडत नाही.

प्रशिक्षणाविषयीही लिहितो. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत नव्या रक्षकासाठी १०० तासांचे वर्गातले आणि ६० तासांचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किमान वीस कामाच्या दिवसांत द्यावे असे होते, आणि त्याच्या विषयांमध्ये खासगी बचावाचा हक्क हा विषय नाव घेऊन दिलेला होता. वेर्ण्याच्या भावांनी आपल्या रक्षकाला विचारावे की त्याला हे कोणी, कोणत्या भाषेत शिकवले. माझ्याकडे येणारी मुले प्रमाणपत्र घेऊन येतात, पण बळ कुठे थांबवायचे हे त्यांना पहिल्या रात्रीपासून मलाच शिकवावे लागते. आपल्याकडे गावाच्या वेशीवरच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवतात, त्याच्या नावाने माणसे रात्री निर्धास्त चालतात. त्या शब्दाचा मान टिकवायचा तर त्याच्या हातात काठी देण्याआधी ती केव्हा खाली ठेवायची हे त्याला सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

रात्रपाळी_वेर्णा

तिघांचेही आभार. वाचून मन जड झाले, पण आता दिशा मिळाली आहे. तीन शंका उरल्या आहेत. धरलेल्या माणसाचे खिसे आम्ही तपासू शकतो का? आमच्या आवारात भंगार वेचायला बारा-तेरा वर्षांची मुलेही शिरतात, त्यांचे काय करावे? आणि गावी पाठवलेल्या त्या रक्षकासाठी अजून काही करता येण्यासारखे आहे का?

वकील_मडगाव

खिसे तपासू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ प्रमाणे, खासगी व्यक्तीने अटक केली असेल तेव्हा झडती घेण्याचा अधिकार ज्या पोलिसाच्या स्वाधीन त्याला केले त्या पोलिसाचा आहे. याला अपवाद एकच. त्याच्याजवळ घातक शस्त्र असेल तर कलम ५० प्रमाणे अटक करणारा, मग तो खासगी व्यक्ती का असेना, ते काढून घेऊ शकतो आणि त्याने ते पोलिसांच्या स्वाधीन करायचे असते. गेटवर कामगारांच्या पिशव्या पाहणे ही निराळी गोष्ट आहे. ते त्यांच्या संमतीने आणि प्रवेशाची अट म्हणून चालते, आणि कोणी नकार दिला तर त्याला आत न सोडणे किंवा वरिष्ठांना कळवणे एवढेच रक्षकाच्या हाती असते. स्त्रियांची तपासणी स्त्री रक्षकाकडूनच करून घ्या.

मुलांच्या बाबतीत अत्यंत सावध राहा. त्यांना हात न उगारता आवाराबाहेर काढा, आणि काही गंभीर घडले असेल तर पोलिसांना कळवताना संबंधित लहान मूल आहे हे स्पष्ट सांगा. गोव्यात बाल कायदा, २००३ हा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, त्याखालील खटले पणजीच्या बाल न्यायालयात चालतात, आणि मुलाला केलेली मारहाण त्यात बाल अत्याचार म्हणून येऊ शकते. मोठ्या माणसाच्या बाबतीत साधी दुखापत ठरणारी गोष्ट येथे रक्षकाला थेट त्या न्यायालयात उभे करते.

पगार कपातीविषयी आपण विचारले नाही, पण माझ्या मते मूळ तेथेच आहे. सोपवलेला माल कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे गेला हे दाखवून आणि त्याचे म्हणणे ऐकून घेऊनच अशी कपात करता येते. चोरी झाली म्हणून सगळ्यांच्या पगारातून सरसकट रक्कम कापणे कायद्यात बसत नाही. त्याविरुद्ध कामगार आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करा. जोवर चोरीचा भुर्दंड त्यांच्या खिशातून जातो, तोवर 'माल कुठे विकलास' हा प्रश्न रक्षक लाठी हातात घेऊनच विचारणार.

त्या मुलाला ताबडतोब गोव्यात बोलावून घ्या. त्याच्यावर नोंदलेला गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल तर बहुधा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची हजर राहण्याची नोटीस येते. ती गावी पोहोचली नाही किंवा पोहोचूनही तो आला नाही, तर जेथे अटक टळली असती तेथे अटक होईल. एजन्सीने त्याला दूर पाठवून त्याचे हित केलेले नाही. दक्षिण गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय मडगावला आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांत औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालील माणसे येतात, त्यांपैकी कशात तरी तो बसेल असे वाटते. अर्जासोबत त्याचे एजन्सीचे ओळखपत्र, पगाराच्या पावत्या आणि त्या रात्रीच्या ड्यूटी रजिस्टरच्या पानाची प्रत जोडा.

रात्रपाळी_वेर्णा

त्याच्या भावाशी आताच बोललो. शनिवारच्या गाडीने तो निघतो आहे. रजिस्टरच्या पानाची प्रत मी आज रात्री ड्यूटीवर गेल्यावर काढून ठेवतो.